कप्तानाने न उडवलेली विमानं

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा विमान चालवायचा. गल्लीत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. इस्त्रीवाल्यापासून शाळेच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळे कप्तान म्हणायचे, म्हणून मीही कप्तानच म्हणतो. नात्याने तो जावई. पण जावयाचा मान मी त्याला कधी दिला नाही आणि त्याने कधी मागितला नाही. मी कामगार युनियनचा माणूस, विमान पाहिलंय ते खालून, सामान चढवणाऱ्या पोरांच्या संपात गेटबाहेर घोषणा देताना. त्यावरून आमची थट्टा चालायची. तो वरचा, मी खालचा, आणि माझ्या पोरांचं नि त्याचं नशीब एकाच मालकाच्या खिशात.

माणूस सरळ. इतका सरळ की बहिणीला कधीकधी चीड यायची. घरातल्या चपला एका रेषेत लावायचा. आणि एक सवय होती, जिच्यावरून सगळे हसायचो. काहीही सांगितलं की तो ते शब्दन् शब्द परत म्हणायचा.

"येताना दही आण, आंबट नको."

"येताना दही, आंबट नको."

"आणि आज तरी लवकर ये."

"आज लवकर येतो."

ही त्याच्या धंद्याची सवय. खालून कंट्रोलवाला जे सांगेल ते वैमानिकाने तसंच्या तसं परत म्हणायचं असतं. परत म्हटलं म्हणजे ऐकलं, समजलं आणि मान्य केलं. त्यात चूक झाली तर माणसं मरतात. बावीस वर्षं हे केलेल्या माणसाची जीभ घरी आल्यावर वेगळी कशी वळणार? त्यांची नऊ वर्षांची चिमणी त्याची हुबेहूब नक्कल करायची. "बाबा, माझी वही." "तुझी वही." "बाबा, तुम्ही पोपट." "मी पोपट." पोरगी हसून लोळायची.

मग त्याची कंपनी बंद पडली. विमानतळाला टाळं ठोकता येत नाही, म्हणून मालकांनी लोकांची कार्डंच बंद केली. सकाळी गेटवर कार्ड लावलं, लाल दिवा लागला, चला घरी. मी म्हटलं, गेटवर बसू, शंभर माणसं मी आणतो. कप्तान म्हणाला, "दादा, वैमानिक रस्त्यावर बसले की लोक फोटो काढतात. मागणी कुणी वाचत नाही." मला राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता.

आता यातली मेख समजून घ्या. ड्रायव्हर वर्षभर घरी बसला तरी उद्या गाडी काढू शकतो. वैमानिकाचं तसं नाही. गेल्या नव्वद दिवसांत तीनदा विमान चढवलं आणि तीनदा उतरवलं नसेल, तर त्याला प्रवासी घेऊन उडता येत नाही. मग पुन्हा परीक्षा, तीही जमिनीवर उभ्या केलेल्या नकली कॉकपिटमध्ये. ते कॉकपिट कंपन्यांच्या ताब्यात. ज्याला कंपनीच उरली नाही त्याला आत कोण घेणार? आणि सेहेचाळीस वर्षांचा, नव्वद दिवस उलटलेला माणूस कुणाला हवा असतो, जेव्हा तिशीतली पोरं रांग लावून उभी असतात? स्वयंपाकघरात फ्रिजवर कॅलेंडर होतं. कप्तान रोज सकाळी चहाच्या आधी त्यावर एक आकडा लिहायचा. नव्वदच्या आत काही झालं नाही, तर तो कप्तान राहणार नव्हता. बस, एवढंच.

एकसष्ट लिहिला त्या दिवशी परदेशातलं कंत्राट आलं. एजन्सीमार्फत. विमान तेच, जे तो अकरा वर्षं चालवत होता. सहा आठवडे तिथे, दोन आठवडे घरी. एका माणसाचा फ्लॅट कंपनीचा. कुटुंब नेता येणार नाही. अट एकच, नव्वद दिवस उलटलेले नसावेत.

त्या संध्याकाळी मी जेवायला होतो. बहीण पोळ्या लाटता लाटता हिशेब सांगत होती.

"सहा आठवडे नाहीस, दोन आठवडे आहेस. म्हणजे वर्षातून तीन महिने नवरा."

"आत्ता बाराही महिने आहे. काय करतेस माझं?"

"डबे घासून घेते."

"तिकडे गेलो तर डबे कोण घासेल, याचा विचार करून सांग."

ती हसली नाही. "मी नको म्हणत नाही," ती म्हणाली. "तू विचार कर. पण विचार करताना असा भिंतीकडे बघू नकोस."

त्याच्या ओळखीचा एक वैमानिक दोन वर्षांपासून तिकडे होता. सगळे त्याला लंबू म्हणत. जेवणानंतर त्याला व्हिडिओ कॉल लावला. लंबू एका पांढऱ्या खोलीत बसला होता, मागे पडदा ओढलेला. कप्तानाने विचारलं, "कसं आहे रे?" लंबू म्हणाला, "फ्लॅट चांगला आहे. काम चांगलं आहे. लोक चांगले आहेत." बहिणीने विचारलं, "जेवणाचं काय करता?" लंबू म्हणाला, "फ्लॅट चांगला आहे. काम चांगलं आहे. लोक चांगले आहेत." मला वाटलं लाइन अडकली. तेवढ्यात चिमणी मध्ये घुसली. "काका, तुमच्याकडे आता दिवस आहे की रात्र?" लंबूने मान वळवून बाजूला पाहिलं, जसं कुणाला तरी विचारावं. बराच वेळ पाहिलं. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "हो."

"पहिल्यापासूनच तसा आहे तो," कप्तान म्हणाला आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून एजन्सीच्या बाईचे फोन सुरू झाले. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. बाई आपल्याच भाषेत बोलायची, स्वच्छ, पण कुठल्या गावची ते ओळखू येत नसे. मी बोलण्यावरून माणसाचा तालुका सांगतो, माझं अर्धं काम त्यावर चालतं. कप्तानाने आवाजाची नक्कल करून दाखवली, तरी मला पत्ता लागेना. "काय बोलते?" मी विचारलं. तो म्हणाला, "अटी वाचते." "रोज?" "रोज." मग म्हणाला, "बरं वाटतं, दादा. कुणीतरी कामाचं बोलतंय."

पंक्चरच्या दुकानावरती माझी खोली आहे. बाहेर कामाला जाणाऱ्यांची कंत्राटं मी तिथे वाचून देतो. वेल्डर येतात, नर्सा येतात, क्रेनवाले येतात. कॅलेंडरवर त्र्याहत्तर लिहिलेल्या दिवशी कप्तान माझ्या जिन्यावर उभा दिसला, हातात फोन. पायलट माझ्या बाकावर बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"दादा, मी काहीच सही केलेली नाही," तो म्हणाला.

फोनवर एजन्सीचं पत्र आलं होतं. आपली तोंडी संमती नोंदवली आहे, सोबत ध्वनिमुद्रण जोडलं आहे.

आम्ही ते ऐकलं. बाई एक अट वाचत होती, कप्तान ती परत म्हणत होता. "एक बॅग." "एक बॅग." "कुटुंब सोबत नाही." "कुटुंब सोबत नाही." बाईने मुद्दाम एकेक तुकडा तोडून वाचला होता आणि प्रत्येक तुकड्यानंतर थांबली होती. वैमानिकाला काय केलं की तो परत म्हणणार, हे तिला पक्कं माहीत होतं. मी टेबलावर हात आपटला. असल्या चलाखीला मी कोर्टात पाणी पाजलंय. वेल्डरचे अंगठे झोपेत घेतलेले पाहिलेत, पण जिभेचा अंगठा पहिल्यांदाच पाहिला.

"थांब," कप्तान म्हणाला. "शेवट ऐक."

शेवटी बाई गप्प झाली. दोन-तीन सेकंद काहीच नाही. तिने काही विचारलं नाही, काही वाचलं नाही. आणि मग कप्तानाचा आवाज, शांत, कामावरचा. "परतीची तारीख नाही. समजलं."

आम्ही ते चारदा ऐकलं.

"हे तू का म्हणालास?"

"मी ऐकलं असेल म्हणून म्हणालो असेन."

"ती बोललीच नाही."

"तेच तर," तो म्हणाला.

पत्राखाली कंपनीच्या पोर्टलची लिंक होती. माझ्या कॉम्प्युटरवर उघडली. कप्तानाचा फोटो, लायसन्स नंबर, आणि खाली एक तक्ता. अकरा उड्डाणं, अकरा दिवसांत. प्रत्येकापुढे कप्तान म्हणून त्याचं नाव. प्रत्येकापुढे एक चौकट, हे उड्डाण माझं आहे, होय किंवा नाही. आणि वरती एक ओळ, होय केल्यावर आपले नव्वद दिवस आजपासून नव्याने मोजले जातील.

ते वाचून मी हसलो, कारण मला वाटलं चोर सापडला. कागदावर माणूस दाखवायचा आणि विमान दुसऱ्या कुणाकडून, बिनलायसन्सवाल्याकडून चालवायचं, हे मी कारखान्यांत शंभरदा पकडलंय. प्रत्येक उड्डाणाखाली सहीचा फोटो होता. मी मोठा करून पाहिला. खोटी सही ओळखायची सोपी रीत आहे. खोटी सही हळू काढलेली असते, शाई एकसारखी दाबलेली असते. ही सही घाईतली होती. शेवटचा फराटा कागदाबाहेर जाता जाता राहिलेला. मी कप्तानाला पाठकोऱ्या कागदावर सही करायला लावली आणि दोन्ही शेजारी धरल्या. मग मी हसायचं थांबवलं.

उतरण्याच्या वेळा तिकडच्या होत्या. कप्तानाने बोटांवर फरक मोजून आपल्या वेळेत आणल्या. पहिलं विमान चार वाजून चौदा. दुसरं चार वाजून चौदा. अकराही तशीच.

"फोन किती वेळ चालतो तुझा?" मी विचारलं.

"चार मिनिटं."

तो निघाला तसा मी बरोबर गेलो. घरी बहिणीला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, नाहीतर माझ्यावर उखडेल. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "त्याचे हात मी पाहिलेत."

"कसले हात?"

"फोन स्पीकरवर टाकतो. डावा हात असा धरतो, मुठीत काहीतरी असल्यासारखा. उजवा टेबलावर पुढे. शेवटी तो उजवा हात हळूहळू मागे ओढतो. मला वाटलं कॉकपिटची सवय. घरी बसलेल्या माणसाचे हात काहीतरी करतातच." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "त्या चार मिनिटांत तुझा चेहरा पूर्वीसारखा असतो. म्हणून मी बोलले नाही."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता नाही करून टाक, अकराही चौकटी, मी तक्रार लिहितो. बहीण फटकन म्हणाली, "दादा, तू भांडून निघून जाशील. नाही केल्यावर जो घरी उरेल त्याच्यासोबत मला राहायचंय. तुला नाही."

तक्रारीसाठी काढलेलं पेन मी परत खिशात ठेवलं. हे मी फारदा करत नाही.

कप्तान फ्रिजसमोर उभा होता. "होय केलं तर मी वैमानिक राहतो," तो म्हणाला. "तिकीट येईल, जाईन. नाही केलं तर सतरा दिवसांनी संपलं. पण बावीस वर्षांत माझ्या लॉगबुकात एक खोटं मिनिट नाही."

"मग झालं तर," मी म्हटलं.

"खोटं आहे की नाही तेच कळत नाही, दादा."

चार वाजून दहा झाले. फोन वाजला. चिमणी शेजारी खेळायला गेली होती, हे बरं झालं.

"उचलतो, नाही म्हणतो, ठेवतो," कप्तान म्हणाला आणि स्पीकर लावला.

"नमस्कार कप्तान," बाई म्हणाली. "दोन हजार फूट."

"दोन हजार फूट," तो म्हणाला आणि ओठ चावले.

मी फोन ओढून घेतला. "ओ बाई. नाव काय तुमचं? कुठल्या ऑफिसातून बोलताय?"

"नाव काय," बाई म्हणाली. "कुठल्या ऑफिसातून. समजलं."

चेष्टा नव्हती त्यात. तिने माझं बोलणं परत म्हटलं होतं, कामाच्या आवाजात. आणि त्या आवाजामागे मला दुसरं काही ऐकू आलं. एकसारखा घोंघाट. एक तान्हं मूल रडत होतं. कुणीतरी खोकलं. पट्ट्याचं बक्कल बसल्याचा टक असा आवाज.

कप्तान पांढरा पडला होता. "दादा, फोन खाली ठेव."

"बंदच करतो."

"बंद नको. टेबलावर ठेव. आत माणसं आहेत."

मी ठेवला. तो बसला. डावी मूठ, उजवा हात पुढे. बाई आकडे सांगत होती, तो परत म्हणत होता. हजार. पाचशे. टेबलावर पाण्याचा पेला होता. पेला सरळ उभा होता आणि आतलं पाणी एका बाजूला कललेलं होतं. त्याने डावं मनगट जरासं फिरवलं, तसं पाणी हळूच सपाट झालं. मी शपथ कशाचीही घेत नाही, मानतच नाही. पण मी ते पाहिलं आणि माझ्या बहिणीने पाहिलं.

शंभर. पन्नास. उजवा हात मागे आला. चमच्यांचा ड्रॉवर एकदा खडखडला. फोनमधून सुटकेचे श्वास, आणि लगेच टक टक टक, विमान थांबायच्या आत पट्टे सोडणारी माणसं.

"छान उतरवलंत," बाई म्हणाली. "उद्या हीच वेळ."

त्याचं तोंड उघडलं. बहिणीने दोन पावलांत येऊन त्याच्या तोंडावर हात दाबला. पिठाचा हात.

"उद्या हीच वेळ," बाई म्हणाली. आणि पुन्हा, "उद्या हीच वेळ." आवाज जराही चढला नाही. ती रात्रभर म्हणत बसली असती.

कप्तानाने बायकोचा हात हळूच बाजूला केला. "नियंत्रण तुमच्याकडे," तो म्हणाला.

हे त्याने मला नंतर समजावलं. विमानाची सूत्रं नुसती सोडून देता येत नाहीत. देणाऱ्याने म्हणायचं तुमच्याकडे, घेणाऱ्याने म्हणायचं माझ्याकडे. तोवर देणाऱ्याने हात काढायचे नाहीत. त्याचे हात टेबलावर तसेच होते. पलीकडे कुणी बोलेना. घड्याळाचा सेकंदकाटा पूर्ण फिरला. घामाचा एक थेंब त्याच्या नाकावरून टेबलावर पडला, तरी त्याने हात हलवला नाही.

मग आवाज आला. बाईचा नव्हता. पुरुषाचा, कोवळा, नुकताच झोपेतून उठल्यासारखा.

"नियंत्रण माझ्याकडे."

फोन बंद झाला. कप्तानाने हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

पोर्टल उघडलं तेव्हा तक्त्यात बारावी ओळ आली होती. त्याने पहिल्या अकरा चौकटींत एकेक करून नाही दाबलं. बाराव्यावर बोट थांबलं.

"हे तर मी केलं, दादा."

"तू इथे होतास. आम्ही साक्षीदार आहोत."

"इथे होतो," तो म्हणाला. "पण उतरवलं मी." बहीण त्याच्याकडे बघत राहिली. त्याने नाही दाबलं. त्या क्षणी तो होता त्यापेक्षा पाच वर्षांनी म्हातारा दिसला.

फोन पुन्हा आले नाहीत. मी तक्रारी लिहिल्या, तीन ठिकाणी. दोन ठिकाणांहून कळवलं की अशी कंपनी आमच्या यादीत नाही, तिसरीकडून पोच आली. कप्तान रोज आकडा लिहीत राहिला. नव्वद लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी कॅलेंडर काढून गुंडाळून माळ्यावर टाकलं. बहीण म्हणते, आता तो काही परत म्हणत नाही. दही सांगितलं की नुसता जातो. चिमणीला ते आवडत नाही.

त्यानंतर आठवड्याने तो माझ्या खोलीवर आला. दुपार होती, खाली टायर ठोकणं चाललं होतं.

"दादा, त्या मुलाचा आवाज तुला किती वर्षांचा वाटला?"

"पंचवीस."

"मला कमी वाटला." त्याने खिशातून कागद काढला. बंद पडलेल्या कंपनीतल्या सहवैमानिकांची नावं, एक्केचाळीस. सगळे घरी बसलेले, सगळ्यांनी दिवस मोजलेले. "माझ्या हातून त्याने घेतलंय. कुणी घेतलं ते मला कळायला हवं."

माझ्या टेबलावरच्या फोनवरून त्याने एकेकाला लावायला सुरुवात केली. काही हसले, काही म्हणाले, नोकरी असेल तर सांगा सर. सतरावा फोन एका आईने उचलला. मी शेजारीच होतो, मला ऐकू येत होतं.

"तो आता दुसऱ्या फोनवर आहे हो. थोड्या वेळाने करा."

"कुणाशी बोलतोय, काकू?"

"काय माहीत. नोकरीचंच असेल. टेबलाशी बसलाय, हात असे पुढे धरून. हाक मारली तरी बघत नाही. फोन काढून घेऊ का त्याच्या हातून?"

कप्तान उभा राहिला होता. एका हाताने तो माझ्या गाडीची किल्ली शोधत होता.

"नाही काकू, हात लावू नका त्याला," तो म्हणाला. "त्याचं उतरवून होऊ द्या. पत्ता सांगा, मी येतोय."